शून्य-शून्य सालच्या ठेवी

१९९९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात माझा कम्प्युटरचा क्लास होता. डॉस, वर्डस्टार, लोटस आणि पोरगा टिकलाच तर फॉक्सप्रो, एवढं शिकवायचो. गावात तेव्हा कम्प्युटर म्हणजे बोटांवर मोजण्यासारखा प्रकार: पतसंस्था, कापसाचं जिनिंग, बाजार समिती, कॉलेज, एक प्रेस, एक कृषी केंद्र आणि आमचा क्लास. मशीन अडलं की लोक यवतमाळला फोन लावायच्या आधी मला हाक मारत. त्यामुळे पेपरात 'वायटूके'च्या, म्हणजे साल दोनच आकड्यांत ठेवणारे कम्प्युटर २००० सालाला चुकणार या भीतीच्या, बातम्या सुरू झाल्या तशी चौकशी माझ्याकडेच यायला लागली.

बातम्याही अशा की वाचणाऱ्याची झोप उडावी. विमानं पडणार, बँकांतले पैसे नाहीसे होणार, वीज जाणार. दिल्लीत केंद्र सरकारनं मोन्टेकसिंग अहलुवालियांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं होतं. आमच्या इथे चहाच्या टपरीवर एका शेतकऱ्यानं मला थांबवून विचारलं, "सर, एक तारखेले मोटरपंप चालू होईन ना? हरभऱ्याले पाणी द्याचं हाय."

मी म्हटलं, "पंपाच्या स्टार्टरला तारीख कळत नाही. तो चालतो."

"अन् लाइन?"

"लाइनचं मी काय सांगू भाऊ, ती आजही नाही."

तो हसला आणि गेला. त्याला उत्तर मिळालं होतं. खरं तर दारव्ह्यातल्या बहुतेक गोष्टींना हेच उत्तर होतं. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी आमची शकुंतला घ्या. त्या नॅरोगेज गाडीत तारीख चुकायला कम्प्युटरच नव्हता, आणि ती उशिरा आली तर त्याला शतक जबाबदार आहे असं कुणी म्हटलं नसतं. प्रश्न होता तो त्या मोजक्या मशीनचा, आणि त्यांतही पतसंस्थेचा. कारण तिथे लोकांचे पैसे होते.

आधी घड्याळाचं सांगतो. कम्प्युटर बंद असतानाही तारीख-वेळ चालू ठेवणारी एक चिप मदरबोर्डवर असते. १९८४ साली आयबीएमनं एटी मशीन काढलं, त्यात मोटोरोलाची चिप होती, आणि पुढच्या सगळ्या नकला त्याच पठडीतल्या. ही चिप सालाचे दोनच आकडे मोजते. शतकाचे दोन आकडे शेजारच्या, बॅटरीवर टिकणाऱ्या सीमॉस मेमरीत वेगळ्या खान्यात लिहिलेले असतात आणि चिप त्या खान्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ती म्हणजे आपला सालदार. साल संपलं की नवं साल धरायचं एवढं त्याचं काम, शेत कुणाच्या नावावर आहे याच्याशी त्याला घेणं नाही. ९९ संपलं की चिप ०० करणार आणि शतकाच्या खान्यात १९ तसंच राहणार. ते २० करायचं काम बायोसचं, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामचं. ज्या बायोसमध्ये ती सोय होती तिथे प्रश्न नाही, नव्हती तिथे मशीन १९०० सालात जाणार. डॉसला, म्हणजे तेव्हा मशीन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, मात्र १९८० च्या आधीचं साल माहीतच नाही, त्यामुळे १९०० वाचून ते गडबडतं आणि ४ जानेवारी १९८० दाखवतं.

हे मी मासिकांत वाचलं होतं. पीसी क्वेस्टच्या सीडीवर तपासणीची छोटी सॉफ्टवेअरं मिळायची, ती फ्लॉपीवर उतरवून घेतली आणि एकेक मशीन तपासायला निघालो.

निघालो आणि पहिल्याच ठिकाणी गाडी वेगळ्या रुळावर गेली. बहुतेक मशीनना २००० ची सोडा, आजचीच तारीख माहीत नव्हती.

कॉलेजची लॅब उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद असायची. आमच्याकडचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळिशीला. ३८६ आणि ४८६ प्रोसेसरच्या जुन्या बोर्डांवर घड्याळासाठी एक निळसर, पिंपासारखी, बोर्डाला डाग देऊन बसवलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी असे. मशीन चालू असेल तेव्हाच ती चार्ज होणार. दोन महिने लॅबला कुलूप लागलं की ती पार उतरलेली. मग जुलैत मशीन सुरू केलं की ते तारीख विसरलेलं, आणि तारखेबरोबर हार्ड डिस्कही विसरलेलं. सेटअपमध्ये जाऊन ड्राइव्ह टाइप ४७ निवडायचा आणि सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे हातानं भरायचे, तेव्हा कुठे सी ड्राइव्ह दिसायचा. लॅबच्या शिपायानं हे आकडे प्रत्येक कॅबिनेटच्या पाठीवर खडूनं लिहून ठेवले होते. तारीख कुणी भरत नसे. "तारीख भरली नाई तरी चालते ना सर," असं तो मला समजावून सांगायचा, आणि त्याचं खरं होतं.

जिनिंगमध्ये तर बॅटरी गळून तिचा हिरवा चट्टा आजूबाजूच्या तांब्याच्या रेषांवर चढला होता. तिथे वायटूके तपासायचं म्हणजे आधी बोर्ड वाचवायचा. आमच्या गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका होते, कम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. मी बोर्ड त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जुनी बॅटरी काढली, ब्रशनं चट्टा साफ केला आणि तुटलेल्या दोन रेषांवर बारीक तार जोडून दिली. बोर्डावर बाहेरून सेल जोडायच्या पिना होत्याच, त्यांना पेन्सिल सेलचं खोकं लटकवलं. घड्याळ चालू झालं. त्या जिनिंगचं वायटूकेचं काम खरं म्हणजे त्या काकांनी केलं. मी फक्त तारीख टाकली.

सगळ्यांत निर्धास्त निघालं ते बाजार समितीतलं सगळ्यांत जुनं मशीन. ते एक्सटी, म्हणजे एटीच्या आधीचं मॉडेल, दोन फ्लॉपी ड्राइव्हवालं, घड्याळाची चिपच नाही. चालू केलं की रोज सकाळी तारीख विचारणार आणि ऑपरेटर ती टाइप करणार. त्याला मी इतकंच सांगितलं की एक जानेवारीपासून साल पूर्ण चार आकडी टाकायचं, नुसतं ०० टाकलं तर डॉस ते घेणार नाही. झालं काम. ज्याचा भरवसा यंत्रावर नव्हताच त्याचं काही बिघडणार नव्हतं.

ज्यांचं घड्याळ चालू होतं त्यांची तपासणी करताना एक पथ्य पाळायचो. हार्ड डिस्कवरून मशीन सुरू करायचंच नाही, फ्लॉपीवरून करायचं. हिशेबाची काही सॉफ्टवेअरं शेवटची तारीख लक्षात ठेवत. एकदा त्यांना २००० दिसलं की परत १९९९ वर आणल्यावर ती नोंद घ्यायलाच नकार देत. काहींची मुदतच तारखेवर चालायची, पुढची तारीख दिसली की ती कायमची बंद. दुसऱ्याच्या मशीनवर असला खेळ करून चालत नाही.

मग सेटअपमध्ये ३१ डिसेंबर १९९९, रात्री ११ वाजून ५८ मिनिटं, आणि बसून राहायचं. मशीनचा मालक, त्याचा मुनीम, चहावाला पोरगा, सगळे पडद्यापुढे. बारा वाजायचे आणि डॉस बरोबर १ जानेवारी २००० दाखवायचं. लोक टाळी द्यायला हात वर करायचे, तेव्हा मी म्हणायचो, थांबा. कारण चालू मशीनमध्ये डॉस स्वतःच दिवस मोजत असतं, चिपला तेव्हा विचारतच नाही. खरी परीक्षा बंद करून पुन्हा चालू केल्यावर. पुन्हा चालू केलं की निम्म्याअधिक जुन्या मशीनवर ०१-०४-१९८० यायचं.

हे आकडे अमेरिकी पद्धतीचे, महिना आधी. म्हणजे ४ जानेवारी. पण पतसंस्थेच्या मुनीमकाकांनी ते आपल्या पद्धतीनं वाचलं. "एक एप्रिल? म्हणजे नवं आर्थिक वर्ष लागलं म्हना की." त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. आयुष्यभर ज्यांचं वर्ष एक एप्रिललाच सुरू झालं, त्यांना यंत्राचं हे वागणं समजूतदारपणाचंच वाटणार.

उपाय सोपा होता. डेट कमांड देऊन १ जानेवारी २००० टाकायचं. डॉस ती तारीख बायोसमार्फत शतकासकट लिहितं. मशीन बंद-चालू करून पाहायचं. टिकली तर या मशीनला नव्या वर्षात एकदाच तारीख टाकायची, पुढे काही नाही. बहुतेक मशीनवर टिकली. १९९४-९५ च्या काही अवॉर्ड बायोसना मात्र २००० हा आकडाच पचत नसे, हातानं भरूनसुद्धा. तशी मशीन आमच्या क्लासातच निघाली. नागपूरला बर्डीवर चौकशी केली, तर दुकानदार म्हणाला बायोस बदला. पण बोर्ड बिननावाचा. त्यावर कंपनीचं नाव नाही तर नवा बायोस आणायचा कुणाचा? शेवटी सीडीवरचंच एक छोटं सॉफ्टवेअर ऑटोएक्झेक फाइलमध्ये टाकलं. मशीन सुरू होताना ते साल तपासून दुरुस्त करायचं. त्यावर ती मशीन पुढेही चालली आणि पोरांनी त्यांच्यावर टायपिंगचा सराव करून कळा झिजवल्या.

त्याच दुकानात 'वायटूके रेडी' असे चकाकते स्टिकर लावलेले मॉनिटर, कीबोर्ड, एवढंच काय स्पीकरही पाहिले. स्पीकरला तारखेचं काय करायचं होतं देव जाणे. यवतमाळहून एक विक्रेता पतसंस्थेत येऊन गेला होता आणि जुनी मशीन सगळी फेका, नवी घ्या, असा प्रस्ताव टाइप करून ठेवून गेला होता. त्या वर्षी जे विकलं गेलं त्यातलं निम्मं तरी गरजेचं नव्हतं, हे माझं मत तेव्हाही होतं. पण अध्यक्षांना मी एवढंच म्हणालो, "भाऊसाहेब, मशीन बदलाल, पण त्याच्यातला प्रोग्राम तोच राहीन ना? आधी तो पाहू."

तो प्रोग्राम पाहिला आणि मला घाम फुटला.

तो क्लिपर नावाच्या भाषेत लिहिलेला होता. नागपूरच्या एका हुशार पोरानं ९२-९३ च्या सुमारास लिहून दिला होता. तो पोरगा आता अमेरिकेत होता आणि तिथल्या कुठल्याशा विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर, म्हणजे अवाढव्य कम्प्युटरवर, कोबॉल भाषेतल्या प्रोग्राममधली हीच दोन आकडी सालं शोधत होता. आमची सालं त्यानं आमच्याकडे ठेवली होती.

गडबड आधीच सुरू झालेली होती, एक जानेवारीची वाट न पाहता. पतसंस्थेत ठेवी दोन-तीन वर्षांच्या. ९७ आणि ९८ मध्ये ठेवलेल्या पावत्यांची मुदत २००० मध्ये संपणार. कारकुनानं मला 'मुदत संपलेल्या ठेवी' अशी यादी काढून दाखवली. ऑगस्ट ९९ मध्ये काढलेल्या त्या यादीत २००० सालच्या सगळ्या पावत्या होत्या. म्हणजे प्रोग्रामच्या मते त्यांची मुदत कधीच संपून गेली होती. कारकून त्या नावांवर गेली दोन वर्षं दर महिन्याला पेन्सिलनं काट मारत होता. "हे चुकून येते सर, आमी सोडून देतो." दोन वर्षं. आणि पेपरवाले म्हणत होते की संकट ३१ डिसेंबरच्या रात्री येणार आहे.

एक पावती घेतली. १५ मार्च १९९८ ला १०,००० रुपये, द.सा.द.शे. १३, दोन वर्षं. मुदत १५/०३/००. प्रोग्रामची नक्कल क्लासातल्या मशीनवर घेतली, तारीख मार्च २००० ला नेली आणि पावती वटवायला टाकली. प्रोग्रामनं ०० म्हणजे १९०० धरलं, त्यातून १९९८ वजा केलं, मुदत आली उणे ३५,७९४ दिवस. सरळ व्याजानं हिशेब केला आणि पडद्यावर उणे एक लाख सत्तावीस हजार आणि वर काही रुपये व्याज दाखवलं.

अध्यक्ष बराच वेळ तो आकडा पाहत राहिले. "म्हणजे ठेवीदारानंच आपल्याले सव्वा लाख द्याचे?"

"प्रोग्रामच्या हिशेबानं तसंच."

"मंग राहू द्या ना तसंच," संचालकांपैकी एकजण म्हणाले, आणि त्या दिवशी त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

यातली खरी मेख मला प्रोग्रामचा मूळ मजकूर हाती आल्यावर कळली. तो मिळणंही सोपं नव्हतं. रोज चालायची ती तयार फाइल, मूळ मजकूर मोठ्या सव्वापाच इंची फ्लॉपीवर, ती तिजोरीत सोन्याच्या पाकिटांबरोबर. तसा ड्राइव्ह फक्त प्रेसमध्ये शिल्लक होता. फ्लॉपी घातली की 'अबॉर्ट, रिट्राय, फेल' विचारायची आणि आम्ही आर दाबत बसायचो. एकेक फाइल करत शेवटी सगळ्या उतरल्या.

पावत्यांची माहिती ज्यात साठायची त्या डीबीएफ फाइलमध्ये तारखेचा म्हणून खास खाना असतो. त्यात तारीख साल-महिना-दिवस अशी आठ आकड्यांत बसते, साल चार आकडी. म्हणजे ठेव ठेवल्याची तारीख फाइलमध्ये शतकासकट बिनचूक होती. पण मुदतीची तारीख त्या पोरानं तारखेच्या खान्यात न ठेवता साध्या मजकुराच्या खान्यात ठेवली होती, पावतीवर तशीच छापता यावी म्हणून: दिवस, तिरपी रेघ, महिना, तिरपी रेघ, दोन आकडी साल. तीही आठच अक्षरं. जागा दोन्हीला सारखीच लागत होती. जागेची बचत म्हणून साल दोन आकडी केलं असं सगळे सांगतात, पण इथे एक बाइटही वाचला नव्हता. शतकाची जागा त्या दोन तिरप्या रेघांनी खाल्ली होती.

क्लिपरमध्ये एक सोय आहे: 'सेट इपॉक टू १९५०' अशी एक ओळ. मग ५० ते ९९ म्हणजे १९ वालं शतक आणि ०० ते ४९ म्हणजे २० वालं. ती ओळ मुख्य प्रोग्रामच्या सुरुवातीला टाकली, कंपाइल करून, म्हणजे मूळ मजकुरातून पुन्हा तयार फाइल बनवून, पावती वटवली. दोन वर्षं, म्हणजे ७३१ दिवस, २,६०३ रुपये आणि वर काही पैसे व्याज. संचालक मंडळाला वाटलं, संपलं.

मुनीमकाका म्हणाले, "एक बुढ्याची पावती टाकून पाहा."

पतसंस्था साठीच्या वरच्या ठेवीदारांना अर्धा टक्का व्याज जास्त द्यायची. त्यासाठी जन्मतारीख टाकावी लागे. नवीन खातं उघडून जन्मसाल २८ टाकलं. एकाहत्तर वर्षांचे आजोबा २०२८ साली जन्मणार होते. वय उणे. अर्धा टक्का नाही. आधीपर्यंत हे काम बरोबर चालत होतं, मी टाकलेल्या ओळीनं ते बिघडणार होतं. हा पेच कितीही घासला तरी सुटत नाही. मुदतीची तारीख पुढे बघते, जन्मतारीख मागे बघते, आणि दोन आकड्यांना कुठल्याही एका वर्षी कापलं की एक बाजू सुटते अन् आज ना उद्या दुसरी अडकते. आमच्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाला १ जुलैला जन्माला घातलं आहे, ते चालून गेलं. पण शतक बदललेलं कसं चालणार?

म्हणून मग 'सेट सेंच्युरी ऑन', सगळीकडे चार आकडी साल. मुदतीचा खाना मजकुराचा होता तो खरा तारखेचा केला. जुन्या पावत्यांची तारीख बदलून देणारा छोटा प्रोग्राम लिहिला, आणि त्यातून निघालेली यादी मुनीमकाकांनी पक्क्या वहीशी एकेक ओळ ताडून पाहिली. हे काम उरलेला पावसाळाभर चाललं. रोज संध्याकाळी क्लास सुटला की मी पतसंस्थेत. बारा ते चार लाइन नसायची, म्हणून रात्रीच काय ते होई. मुनीमकाका डोळ्यांजवळ वही धरून मोठ्यानं आकडे वाचत, मी पडद्यावर पाहत 'हं' म्हणत जायचो. त्यांना एका ठिकाणी पैशांचा फरक सापडला, तो शोधता शोधता आमचा वाद लागला की लीप वर्षात रोजचं व्याज ३६५ नं भागायचं की ३६६ नं. प्रोग्राम ३६५ नं भागत होता, काकाही आजवर तसंच करत आले होते. वाद त्यांनीच काढला आणि त्यांनीच मिटवला: "चालते थे चालू द्या."

चार आकडी साल आलं तशी प्रिंटरवर सगळी ओळ दोन घरं उजवीकडे सरकली. पासबुकात जमेचा आकडा नावेच्या रकान्यात डोकावू लागला. प्रत्येक छापील नमुना पुन्हा बसवावा लागला. आणि मग लक्षात आलं की पावत्याच आधीच्या छापलेल्या: 'दिनांक   /   /१९   '. त्या '१९' ला कुठलं सॉफ्टवेअर दुरुस्त करणार? पावती पुस्तकं, व्हाउचर, चेकबुकं, कर्जरोखे, रिमच्या रिम कपाटात. पतसंस्थेचंच नाही, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, कॉलेजच्या फीच्या पावत्या, डॉक्टरांचे पॅड, सगळ्यांवर ते '१९' बसलेलं. दारव्ह्यात वायटूकेनं कुणाचं भलं केलं असेल तर प्रेसवाल्याचं. डिसेंबरात त्याच्याकडे लग्नपत्रिकाही मागे पडल्या होत्या.

कृषी केंद्राची गोष्ट थोडक्यात. त्यांच्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये औषधाची मुदत महिना-साल अशी असे. कापसावर फवारणी जोरात असताना नवा माल आला, मुदत २००० ची, आणि सॉफ्टवेअरनं तो मुदत संपलेला ठरवून बिल करायला नकार दिला. मालकानं त्यावर स्वतःच तोडगा काढला: सगळ्या मालाला १२/९९ टाकून मोकळा झाला. बाटलीवर खरी तारीख होतीच. मी त्याला सांगितलं की जानेवारीत हे सगळं एकदम मुदतबाह्य होईल. तो म्हणाला, "जानेवारीत फवारनी कोन करते सर?"

कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज ३.१ होतं. तिथल्या फाइल मॅनेजरनं २००० सालाच्या जागी विसर्गासारखी दोन टिंबं आणि शून्य दाखवलं. नुसतं दिसण्यापुरतं होतं, काम अडत नव्हतं, प्राचार्यांना दाखवलं आणि सोडून दिलं. ऑफिसातल्या मशीनवर एक्सेल ९७ होतं. ते दोन आकडी साल टाकलं तर २९ पर्यंत नव्या शतकात आणि ३० पासून जुन्या शतकात धरतं, हे मात्र ऑफिसातल्या बाईंना कागदावर लिहून दिलं. निवृत्त शिक्षकांच्या जन्मतारखा त्याच भरत होत्या.

३१ डिसेंबर, शुक्रवार. पतसंस्थेनं संध्याकाळी सगळ्या खात्यांच्या शिल्लक रकमा मोठ्या कागदावर छापून घेतल्या, फ्लॉप्यांवर दोन प्रती काढल्या, एक तिजोरीत, एक अध्यक्षांच्या घरी. मशीनची प्लग भिंतीतून काढून ठेवली. त्या रात्री घराघरांत टीव्ही चालू होता तो मात्र वायटूकेसाठी नव्हे. कंदहारहून अपहृत विमानातले प्रवासी त्याच दिवशी सुटून दिल्लीला आले होते, सगळ्यांचं लक्ष तिकडे. आमच्याकडे बाराला फटाके वाजले, लाइन गेली नाही. काहीजणांना त्याचंच नवल वाटलं.

शनिवारी सकाळी अध्यक्ष, मुनीमकाका, कारकून, सगळे माझ्या आधी हजर. एकेका मशीनला तारीख टाकली, बंद केलं, चालू केलं. टिकली. पहिली पावती मुनीमकाकांनी स्वतःच्या नावानं केली, एक हजार रुपयांची. बाहेर जिनिंगकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि वजनकाट्याच्या चिठ्ठीवर ०१/०१/०० छापून येत होतं. वजन बरोबर होतं, शेतकऱ्याला तेवढंच पाहायचं होतं.

२९ फेब्रुवारीला मंगळवार होता. शतकाचं वर्ष लीप नसतं एवढाच नियम काहींच्या डोक्यात असतो, चारशेनं भाग जाणारं असतं हा पुढचा भाग सुटतो. म्हणून त्या दिवशी पुन्हा फेरी मारली. प्रेसवाल्याच्या हिशेबाच्या घरगुती प्रोग्रामनं २८ नंतर १ मार्च दाखवलं. त्याला ते कळलंही नव्हतं, उधारीच्या तारखा तो वहीतच लिहायचा.

खरी धास्ती मला ३१ मार्चची होती. त्या दिवशी एकाच वेळी सगळ्या ठेवींवर व्याजाची तरतूद होते, म्हणजे प्रोग्राममधली प्रत्येक तारीख एकदा तरी वापरली जाते. रात्री उशिरापर्यंत प्रिंटर चालू होता. मुनीमकाकांनी कागदाची चळत मांडीवर घेऊन बोटानं रकाना खाली खाली तपासला. उणे आकडा नव्हता. ताळेबंद जुळला.

पुढे लेखापरीक्षक आले. त्यांनी व्याज तपासलं, मुदती तपासल्या, त्यावर एक अक्षर काढलं नाही. शेरा मारला तो एकच: '१९' छापलेली कोरी पावती पुस्तकं रद्दीत काढली, पण त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव घेतलेला नाही.